एकवीस जणींचं एकच जंगल

१० नोव्हेंबर, सोमवार

बोर्डावर आज दोन कागद एकदम लागले. पहिला: आपल्या लाईनवरच्या एका बाईला परमनंट करणार, ब्रेक धरून आठ वर्षं पूर्ण हवीत. दुसरा: 'स्वतःला ओळखा' नावाचं ट्रेनिंग, कँटीनमध्ये, पहिली बॅच उद्या, दुसरी शनिवारी, हजेरी सक्तीची. दोन्हींवर सही एचआर मॅडमची. चहाचा कप दुसऱ्यांदा भरला तरी इथे कँटीनवाला डोळे वटारतो, आणि ही कंपनी आमची आमच्याशी फुकटात ओळख करून देणार! कुठंतरी पाणी मुरतंय.

आठ वर्षं फक्त दोघींची भरतात. मी आणि मंगल. बाकीच्या पोरी परवाच्या. आम्ही दोघी एकाच आठवड्यात लागलो. मी चिखलीहून बसते, ती वाटेत महाळुंग्याला चढते, तिची जागा मी पिशवी ठेवून धरते. ती लाईनवर गाड्यांच्या वायरींचे जुडगे बांधते, मी शेवटी तपासते. खोट सापडली की लाल टॅग, त्यावर माझ्या अक्षरात कारण.

दर सात महिन्यांनी ठेकेदार घरी बसवतो, पंधरा दिवसांनी परत बोलावतो. नवीन कार्ड, नवीन फोटो. आठ वर्षांत कितीदा नवी झाले देव जाणे. मला एकदा जुनं व्हायचंय, बस्स.

मं. बोर्डापुढे म्हणाली, "तुझं झालं तरी माझंच झालं बघ." अशी बोलणारी माणसं मी जरा नीट बघून घेते. खरंच तसं वाटत असेल तर बोलून दाखवायची काय गरज?

११ नोव्हें., मंगळ.

झालं ट्रेनिंग. ट्रेनर बाहेरून आणलेला, खादीचा कुर्ता, आवाज मधात बुडवलेला. आधी पंखे बंद करायला लावले. मग, "डोळे मिटा. तुम्ही एकट्याच एका जंगलातून चालला आहात." मी एक डोळा किलकिला ठेवला. तर एचआर मॅडम आमच्याकडेच बघत होत्या. मग दोन्ही मिटले.

तो एकेक विचारायचा, आम्ही डोळे उघडून लिहायचं, परत मिटायचे. माझं जसंच्या तसं इथं उतरवते:

जंगल – दाट. पाखरांचा आवाज नाही, म्हणजे आपल्या आधी कोणीतरी येऊन गेलंय.
वाट – आहे. कोणी पाडली माहीत नाही.
वाटेत पेला – स्टीलचा. काठ तपासला, वास घेतला, जागेवर ठेवला.
किल्ली – उचलली नाही. ज्याची असेल तो बोंबलत येणार आणि आळ माझ्यावर.
जनावर – कुत्रं. ते जाईपर्यंत हलले नाही.
पाणी – उतरले नाही. खोली कोणाला माहीत?
भिंत – कडेकडेनं गेट शोधत गेले. वॉचमन असणारच.

खरं लिहिलं, तिथंच घोड्यानं पेंड खाल्ली. कागद गोळा केले आणि मग अर्थ सांगितले. पेला म्हणजे जवळची माणसं. किल्ली म्हणजे संधी. जनावर म्हणजे अडचण, पाणी म्हणजे मनातली हौस, भिंत म्हणजे आपणच स्वतःला घातलेली मर्यादा. म्हणजे मी माणसांचा वास घेते, संधी रस्त्यावर सोडते आणि मर्यादेला वॉचमन नेमते. आधी सांगितलं असतं तर!

कागदाच्या कोपऱ्यात टोकन नंबर लिहायला लावला होता. नुसती गंमत असती तर नंबर कशाला? विचारलं तर मॅडम हसल्या. एचआरचं हसणं मी आठ वर्षं बघतेय.

१२ नोव्हें., बुध.

मं. शनिवारच्या बॅचमध्ये. बसमध्ये चढल्या चढल्या विचारलं, "काय काय विचारलं गं?"

मी म्हणाले, "काही नाही. डोळे मिटून बसायचं. झोप येते."

"लिवायचं नस्तं व्हय काय?"

"थोडंसं. मनाला येईल ते."

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. तिनं मान डोलावली आणि डबा माझ्या मांडीवर ठेवून डुलकी काढली.

दुपारी जेवायच्या सुट्टीत पोरींनी गाठलं. "वंदनाताई, चिठ्ठी करा ना." त्यांचंही बरोबर आहे. कस्टमरचं ऑडिट असलं की आदल्या दिवशी मीच चिठ्ठी करते. कंपनीचं धोरण काय, आग लागली तर कुठं जमायचं, खराब माल कोणत्या पेटीत टाकायचा. सगळ्यांनी पाठ करायचं, पाहुणा विचारेल त्याला पोपटासारखं म्हणायचं. शेळके सर, आमचे लाईन इनचार्ज, स्वतः सांगतात, "वंदनाच्या चिठ्ठीवर आपलं एकही ऑडिट अडकलं नाही." तर पोरींना वाटतंय हेही ऑडिटच. फक्त जंगलाचं.

करते म्हणाले. मं. तेव्हा हात धुवायला गेली होती.

१३ नोव्हें., गुरुवार, सुट्टी

सकाळी ह्यांच्यावर प्रयोग केला. (हे हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतात.) म्हणाले, डोळे मिटा, तुम्ही जंगलातून चाललाय.

"चालत? गाडी कुठंय?"

वाट कशी आहे विचारलं, तर "जाम." पेला उचलला, चहा होता, प्यायले. किल्ली उचलून लगेच आसपास गाडी शोधायला लागले. भिंत आली तर रिव्हर्स घेतला. मी अर्थ सांगितले. म्हणाले, "मग तुझं काय आलं?" सांगितलं नाही. बायकोचा वास घ्यायचा स्वभाव नवऱ्याला एकोणीस वर्षं माहीत आहेच, त्याला जंगलात कशाला न्यायचं?

नंतर बसून चिठ्ठी केली. जंगल हिरवंगार, ऊन झिरपतंय. वाट स्वच्छ. पेला भरलेला, अर्धा मी प्यायले, अर्धा दुसऱ्याला दिला. किल्ली चमकणारी, उचलून ओढणीच्या टोकाला बांधली. जनावर हत्ती, त्याच्याशी मैत्री केली. पाणी म्हणजे तळं, तळ्यात निळी होडी. भिंत चढून गेले, पलीकडे सूर्य उगवत होता. स्वतःलाच पटेना इतकं झकास झालं. कोपऱ्यावरच्या दुकानात एकवीस झेरॉक्स काढल्या.

दुसऱ्या बॅचला मं. धरून बावीस जणी, बावीस काढायच्या होत्या. दुकानदारानं "किती?" विचारलं आणि तोंडातून एकवीस गेलं. छे, कशाला खोटं लिहू, ही वही कोण बघणार आहे? ठरवूनच गेले होते. माझा कागद बिघडलाय. मं.चा चांगला आला की ती परमनंट आणि मी पुन्हा नव्या फोटोला उभी. बाकीच्या पोरींचा काही प्रश्न नाही, त्यांची वर्षंच भरत नाहीत. उलट त्यांचे कागद झकास आले तर मं.चा त्यांच्यात बेताचाच दिसेल.

हे लिहून झाल्यावर वाचलं. फाडावंसं वाटलं. फाडलं नाही.

१४ नोव्हें., शुक्र.

मोबाईल गेटवर जमा करतात, त्यामुळे चिठ्ठ्या डब्याच्या पिशवीतून नेल्या. बायकांच्या टॉयलेटमध्ये वाटल्या. म्हणाले, पाठ करा आणि टाकून द्या. शनिवारी जवळ सापडली तर मी ओळखत नाही.

मं.नं आज हरभऱ्याचा कोवळा पाला आणला होता, शेंगदाण्याचं कूट, कच्चं तेल आणि मीठ घालून. निम्म्याहून जास्त माझ्या डब्यात सारला. "तुझ्या तिकडं परभणीला असा मिळतो का गं?" मिळतो म्हणाले. खाल्ला. चव लागली नाही असं लिहिलं तर खोटं होईल, चांगला लागला.

ती चिठ्ठीचं काही बोलली नाही. तिच्या शेजारची पोर ओठ हलवत पाठ करत होती, तरी बोलली नाही. एवढी का गप्प आहे ही?

१५ नोव्हें., शनि.

दुसऱ्या बॅचचं झालं. पोरी हसत बाहेर आल्या, मला डोळ्यांनी खुणा. मं. सगळ्यात शेवटी आली, डोळे लाल.

परतीच्या बसमध्ये स्वतःहून सांगायला लागली. "वंदे, मी खरंच गेल्ते गं. तो म्हणला जंगल, आन मी आमच्या वरच्या माळाला. शेळ्या घिऊन जायची ना, तिथं." पेला विचारला तर तिला ओढ्याच्या कडेला आईची पितळी वाटी दिसली. किल्ली दिसलीच नाही, "तिथं कुलूपच कशाला व्हतं?" जनावर म्हणजे शेळी, पाय मोडलेली, ती उचलून खांद्यावर घेतली. पाणी ओढ्याचं, ओंजळीनं प्याली.

"आणि भिंत?" मी विचारलं.

"भिंत आपल्या कंपनीची की. पलीकडं आमचा हरभरा व्हता. चढता येईना, शेळी खांद्यावर. मग टेकून बसले. रडूच आलं मला, भर कँटीनमधी. सगळ्या बघत्यात."

मनात म्हणाले, गेला हिचा कागद. किल्ली नाही, भिंतीला टेकून बसली. ट्रेनरच्या हिशोबानं पार नापास. मला बरं वाटायला हवं होतं. तिचा हात माझ्या हातात होता, घामेजलेला, आणि मी तिच्या वाक्यांना टॅग लावत होते.

१६ नोव्हें., रवि.

कामाचा दिवस. काही नाही. मॅडम दोनदा लाईनवर येऊन गेल्या. रविवारी कधी येत नाहीत.

१७ नोव्हें., सोम.

जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना बसवून ठेवलं. मॅडमच्या हातात कागदांचा गठ्ठा, शेजारी ट्रेनर. मॅडम वाचायला लागल्या. "तळ्यात निळी होडी." पुढचा कागद. "तळ्यात निळी होडी." पुढचा. "तळ्यात नीळी होडी, ह्यात नी दीर्घ आहे, तेवढाच फरक." मागून कोणीतरी फिस्सकन हसलं. मॅडम हसल्या नाहीत. एकवीस जणींना एकच हत्ती भेटला. हत्तीसुद्धा दमला असेल.

ट्रेनरचा मध पार आटला होता. म्हणाला, "दहा वर्षांत असं पाहिलं नाही. बावीस कागदांत एकच कागद माणसाचा आहे." आणि मं.चा टोकन नंबर वाचला.

आधी वाटलं, ती पुढे गेली. मग लक्षात आलं, त्याहून वाईट आहे: कुणी वाटलं हे आता शोधणार.

मं.ला मॅडमनी केबिनमध्ये नेलं, अर्धा तास. बाहेर आली तेव्हा चेहरा नेहमीसारखा. बसमध्ये विचारलं, काय म्हणाल्या? "माळाचंच इचारत व्हत्या." अर्धा तास माळ?

१८ नोव्हें., मंगळ.

सफाईवाल्या मावशींना टॉयलेटच्या नळामागं एक चिठ्ठी सापडली. मॅडमच्या टेबलावर आहे. झेरॉक्स असली तरी अक्षर माझंच. आठ वर्षं लाल टॅगवर गिरवलेलं अक्षर, आणि रोज चार टॅग तरी मॅडमच्या रिपोर्टला जोडलेले असतात. त्यांनी अजून मेळ घातला नाही, किंवा घातलाय आणि मला खेळवताहेत.

शेळके सरांनी खराब मालाच्या रॅकमागं बोलावलं. "मी ओळखलं अक्षर. बोललो नाही, बोलणार नाही. पण वंदनाताई, ऑडिटच्या चिठ्ठ्यांचा विषय कुठं निघता कामा नये."

"सर, त्या तर तुम्हीच सांगायचा."

"तेच म्हणतोय ना."

म्हणजे माझ्यासाठी नाही, स्वतःसाठी गप्प. त्यांचं मला समजतं. अशा माणसावर निदान विश्वास ठेवता येतो, त्याचं भलं कशात आहे ते दिसतं.

संध्याकाळी नोटीस. चिठ्ठी करणारीचं कार्ड ठेकेदाराकडून कायमचं बंद. एकटीनंच नक्कल केली नाही म्हणून सोमवारी मं.ला लेखी जबाब द्यायला बोलावलंय. परमनंटसाठीही तिचंच नाव वर गेलंय म्हणतात.

परमनंट राहिलं बाजूला. आता आहे ते तरी राहतंय का! ह्या वयात दुसऱ्या कंपनीच्या गेटवर फोटो घेऊन उभी राहू? तिथं अठरा-वीसच्या पोरींची रांग असते.

१९ नोव्हें., बुध.

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते, नाहीतर उद्या मलाच पटायचं नाही.

सकाळच्या बसमध्ये मं. चढली, बसली, आणि माझा हात धरून म्हणाली, "तुझं उपकार कसं फेडू गं?"

"कसले उपकार?"

"शुक्रवारी समद्या पोरी पाठ करत व्हत्या, मला दिसत न्हवतं व्हय? एकीनं तर तिची चिठ्ठी मला दाखवाया काढली. मी म्हणलं, नगं. वंदनानं मला दिली न्हाई म्हंजी काहीतरी कारान असंल. तिला शेवटचं कळतं, ती तपासणारी हाय. तू मला त्यातनं वगळलंस म्हणून मी वाचले."

"हं" म्हणाले. आयुष्यातलं सगळ्यात घाणेरडं हं.

पुढे म्हणाली, "सोमवारी म्याडमला हेच सांगनार हाय मी. की बाकीच्यांचं मला ठावं न्हाई, पण वंदनानं मला चिठ्ठी दिली न्हाई. तुझं पन नाव चांगलं हुईल."

वंदनानं मला दिली नाही, असं ती म्हणाली की मॅडमचा पुढचा प्रश्न ठरलेला. म्हणजे वंदनाकडे होती? इतरांना दिली? मं. माझं कौतुक करून माझा गळा कापणार, आणि तिला ते कळतच नाही.

की कळतं?

२० नोव्हें., गुरु., सुट्टी

दिवसभर तेच. कपडे भिजत घातले, दुपारपर्यंत तसेच.

एक: मं. खरंच भोळी. आठ वर्षं बघतेय, कुणाची टिकलीसुद्धा लपवली नाही हिनं.

दोन: मं.ला सगळं माहीत. मी का दिली नाही तेही. आणि हे उपकार-बिपकार म्हणजे मला सांगणं आहे की बघ, तुझी दोरी माझ्या हातात आहे. तसं असेल तर बाई माझ्यापेक्षा हुशार. पाय मोडलेली शेळी खांद्यावर घेतली म्हणे! ती शेळी कोण?

ह्यांना सगळं सांगितलं. चिठ्ठी का दिली नाही तेही सांगितलं. ऐकून घेतलं, म्हणाले, "चोराच्या मनात चांदणं. ती सरळ बोलतेय, तुला वाकडं ऐकू येतंय."

"आणि ती वाकडी असेल तर?"

"तर तू तिला शिकवलंस." आणि गाडी धुवायला गेले. रागच आला. खरं बोलून वर पाठ फिरवतात.

तिला नुसतं सांगता येईल: माझं नाव घेऊ नको. पण ती 'का?' म्हणणार. तिच्या 'का'ला माझ्याकडे एकच उत्तर आहे.

२१ नोव्हें., शुक्र.

आज मुद्दाम विचारलं, "मंगल, तुझ्या त्या माळावर मी होते का गं?"

लगेच म्हणाली, "व्हतीस की. लांब मागं. थांब थांब म्हणत व्हतीस."

"मग थांबलीस?"

"शेळी जड झाल्ती. भिंतीपाशी जाऊन बसले, म्हणलं ती येतीय तवर बसू."

हे त्या दिवशी सांगितलं नव्हतं हिनं. आज का आठवलं? ट्रेनर म्हणायचा, जंगल खोटं असतं पण त्यात माणूस खोटं बोलू शकत नाही. एकवीस जणींनी बोलून दाखवलं. मग मं.चंही कशावरून... काम करताना एक चांगला जुडगा खराब म्हणून बाजूला काढला. शेळके सरांनी परत ठेवला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

२२ नोव्हें., शनि.

मं. कामावर आली नाही. सासऱ्यांना दवाखान्यात नेलंय असा पोरींकडे निरोप. तिची जागा सवयीनं धरली होती. महाळुंग्याला एक माणूस येऊन पिशवी उचलायला लागला तेव्हा त्याच्यावर खेकसले.

आज नाही आली म्हणून सुटल्यासारखं वाटलं आणि मग भीती. दवाखाना खरा की परस्पर मॅडमकडे? एका पोरीला विचारलं. म्हणाली, सकाळी तिनंच दोघांना रिक्षात बसताना बघितलं. मी असं विचारत फिरतेय. माझी मला शिसारी आली. खरंच आली.

२३ नोव्हें., रविवार

सांगितलं.

परतीची बस, चाकण चौकात अडकलेली, नेहमीसारखी. मं. सासऱ्यांच्या सलाईनचं सांगत होती. मध्येच तोडलं. म्हणाले, "मंगल, मी चिठ्ठी तुझ्या भल्यासाठी मागं ठेवली नव्हती. तू परमनंट होऊ नयेस म्हणून ठेवली. माझा कागद बिघडला होता. तुझाही बिघडावा म्हणून. एकवीस झेरॉक्स काढल्या, मोजून." सगळं एका दमात. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून बघितलं.

बस सुटली. मं. खिडकीकडं तोंड करून बसली. मी म्हणाले, "तू उद्या दिली नाही म्हणून सांगितलंस की मी गेले. पण सांगायचं तर सांग. मी अडवणार नाही." हे म्हणताना रडू फुटलं. वाईट तर वाटत होतंच, पण नोकरी जायची भीतीही तेवढीच होती. दोन्हींतलं कुठलं रडू जास्त, ते मला वेगळं काढता येईना.

"आठ वरीस," एवढंच म्हणाली ती. मग, "हरभऱ्याचा पाला खाल्लास त्या दिशी, तवाबी ठरलं व्हतं?"

"हो."

तिनं पदरानं तोंड पुसलं. महाळुंगं आलं. उठली, पिशवी घेतली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मला असलं बोलाया जमत न्हाई. खरंबी न्हाई, खोटंबी न्हाई. उद्या म्याडमपुढं काय म्हणायचं, ते तूच लिवून दे. पाठ करते. सकाळी बसमधी दे."

आणि उतरली.

घरी येऊन कुकर लावला, कागद घेतला, बसले. ह्यांनी विचारलं, काय लिहितेस? म्हणाले, चिठ्ठी. पुन्हा काही विचारलं नाही त्यांनी.

वर 'मंगल' लिहिलंय. खाली काही नाही. चिठ्ठी कोणी केली माहीत नाही, असं लिहिलं तर तिच्या तोंडून खोटं वदवायचं, तेही सही करून. नंतर उघडं पडलं तर तिचं परमनंट गेलं. वंदनानं केली, असं लिहिलं तर माझं कार्ड माझ्याच हातानं बंद. आणि काहीही लिहिलं तरी माझ्या अक्षरातला, तिच्या नावाचा कागद तिच्या पिशवीत, मॅडमच्या केबिनच्या दाराशी. हवा असेल तर हा पुरावाच तिनं मागून घेतलाय. किंवा नसेल घेतला. किंवा तिला खरंच दुसरं कोणी नाही ज्याला विचारावं. तीन शिट्ट्या झाल्या, गॅस बंद करून आले, तरी कागद तसाच.

न लिहिणं सगळ्यात सोपं. पण नाही लिहिली, तर मंगलला चिठ्ठी न देण्याची ही माझी दुसरी वेळ.